शीप, शिप

फोर्तुनातो याउरी बाराशे मेंढ्या राखतो
आणि दर गुरुवारी, लायब्ररीच्या तळघरात,
मला सांगतो की तो बाराशे जहाजं राखतो.

वायोमिंगच्या या गावाहून समुद्र
कुठल्याही दिशेला जवळपास हजार मैल.
मी आरसा पुढे करते.
ओठ ताणा, हसल्यासारखे. आता सैल सोडा.
शीप. शिप.
तो ताणतो, सोडतो, घाम पुसतो;
दोन्ही वेळा तेच जहाज धक्क्याला लागतं.

कुस्कोच्या वरच्या डोंगरात, त्याच्या आईच्या भाषेत
स्वर तीनच. अ, इ, उ.
चुलीचे तीन दगड, त्यांवर काय शिजत नाही?
शाळेत स्पॅनिशनं आणखी दोन मागितले.
मेसा म्हणजे टेबल, मिसा म्हणजे चर्चमधली प्रार्थना.
त्यानं वही प्रार्थनेवर ठेवली
आणि सगळा वर्ग हसला. मास्तरही.
"मास्तर जास्त," तो म्हणतो.

आता तो एक्केचाळीस वर्षांचा आहे
आणि मी त्याच्यापुढे बारा-चौदा मांडते.
पुस्तकात त्यांचा नकाशा आहे, खाली आखडलेला चौकोन,
जिभेच्या जागी ठिपके.
तो त्यावर बोट फिरवतो: "कुंपण कुठाय?"
कुंपण नाही, तीच तर गोम.
दोन ठिपक्यांमधलं माळरान त्याला एकच कुरण दिसतं,
मी म्हणते मधून हद्द जाते, ऐका,
आणि पुन्हा तेच म्हणते, जरा मोठ्यानं,
बहिऱ्याशी बोलावं तसं.
त्याची लाज मला नंतर वाटते, गाडीत बसल्यावर.

माझे आजोबा ग्राशियन, बास्क, याच डोंगरात पन्नास वर्षं.
ॲस्पेनच्या सालीवर नाव कोरायचे;
झाड जाड होत गेलं तशी अक्षरंही सुजली.
त्यांच्याही मेंढ्या शेवटपर्यंत जहाजंच होत्या.
आम्ही नातवंडं जेवताना त्यांची नक्कल करायचो.
ते पाव मोडत राहायचे.

ऑक्टोबरात ट्रक आले.
कोकरं विकायला धाडण्याला इथे शिप करणं म्हणतात,
समुद्र नसला तरी.
मुकादम डेल रेडिओवर म्हणाला: पूर्वेचा कोंडवाडा, शिप.
फोर्तुनातोनं ऐकलं: पूर्वेचा कोंडवाडा, शीप.
हो, म्हणाला. आहेत ना. सगळी आहेत.
आणि कुत्री घेऊन वर गेला.
बाटलीच्या दुधावर वाढवलेलं, काळ्या कानाचं एक
त्यानं स्वतःच त्या कोंडवाड्यात ठेवलं होतं,
वारा कमी लागतो म्हणून.
संध्याकाळी खाली आला तर फाटक उघडं,
आत नुसत्या लेंड्या.

त्या गुरुवारी त्यानं आरसा घेतला नाही.
"म्हणा," म्हणाला.
ओठ दिसू नयेत म्हणून मी पुस्तक तोंडापुढे धरलं.
शीप. "राहिली."
शिप. "गेली."
शिप. "गेली."
वीसेक वेळा, उलटसुलट. एकदाही चुकला नाही.
मग स्वतः म्हणून पाहिलं. जहाजच.
"कान खाली उतरलाय," तो म्हणाला,
"तोंड अजून वरच्या कुरणात आहे.
बर्फ पडलं की येईल."

मग माझी पाळी काढली.
कडा, म्हणाला, आमच्या भाषेत. म्हणा.
मी म्हटलं.
तो इतका हसला की ग्रंथपाल बाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.
त्यांच्याकडे काका म्हणजे आईचा भाऊ.
कडाही तसाच, फक्त घशाच्या पार तळातून,
मला मात्र दोन्ही काकाच ऐकू येतात.
"मेइते बाई, तुम्ही मामाच्या अंगावर चढताय."

त्यानं आरसा माझ्याकडे सरकवला.
मी तोंड उघडून पाहिलं. दात, जीभ,
मागे अंधार.
"पुन्हा," तो म्हणाला, हळू आवाजात.